हळदीचे कूळ कसे ओळखायचे?

पावसाळा सरत आला की हळदीच्या शेतात पानांच्या मधून तुरे वर येतात. फिकट हिरव्या आवरणांच्या आत पिवळसर फुले उमलतात, काही दिवसांनी सुकतात आणि त्यानंतर काहीच होत नाही. फळ धरत नाही, बी पडत नाही. पुढच्या अक्षय्य तृतीयेच्या सुमारास शेतकरी जमीन तयार करतो, तेव्हा त्याच्या हातात बेणे असते: जेठे गड्डे, बगल गड्डे किंवा हळकुंडे. जमिनीखालच्या खोडाचा तुकडा लावायचा आणि त्यातून नवे झाड उभे करायचे, ही पद्धत शेकडो वर्षे चालत आली आहे.

इथे एक कोडे आहे. तुकड्यापासून वाढलेले झाड हे मूळ झाडाचाच भाग असते. त्यात दुसऱ्या झाडाचा वाटा नसतो. मग राजापुरी, सेलम, कृष्णा, वायगाव, लाकाडोंग अशा इतक्या हळदी आल्या कुठून? हिंगोलीत लावलेली सेलम आणि तमिळनाडूतली सेलम हे एकच झाड आहे की केवळ नाव एक आहे? वायगावच्या हळदीचा गडद रंग तिच्या कुळातून आला की वर्धा जिल्ह्यातल्या जमिनीतून?

डोळ्यांनी पाहून या प्रश्नांची खात्रीची उत्तरे देता येत नाहीत. त्यासाठी डीएनएमधल्या खुणा लागतात. बी न धरणाऱ्या औषधी वनस्पतीसाठी अशा खुणा तयार करणे आणि त्यांचा अर्थ लावणे हे इतर पिकांपेक्षा वेगळे काम आहे. ते कसे चालते, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

फूल आहे, मग बी का नाही?

सजीवांच्या पेशीत डीएनएचे लांब धागे गुणसूत्रांच्या रूपात बांधलेले असतात. माणसात ४६ गुणसूत्रे असतात, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतले एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेले असते. बीजपेशी तयार होताना ही गुणसूत्रे आपापल्या जोडीदाराशेजारी येतात, काही तुकड्यांची अदलाबदल करतात आणि मग एकेक होऊन दोन बाजूंना जातात.

लागवडीच्या हळदीत सहसा ६३ गुणसूत्रे आढळतात. ती २१ गुणसूत्रांच्या तीन संचांसारखी वागतात. अशा वनस्पतीला त्रिगुणित म्हणतात. आपण खातो त्या बहुतेक केळ्यांच्या जातीही त्रिगुणितच आहेत. परागकण किंवा बीजांड तयार होताना तीन सारख्या गुणसूत्रांची नीट जोडी लागत नाही. दोन जुळतात, तिसरे कुठल्याही बाजूला जाते. हा गोंधळ २१ ठिकाणी एकाच वेळी होतो. त्यामुळे बहुतेक परागकणांत आणि बीजांडांत गुणसूत्रांची संख्या अपुरी किंवा जादा होते आणि बी धरत नाही.

‘बहुतेक’ हा शब्द मात्र महत्त्वाचा आहे. क्वचित हळदीला बी धरते आणि ते रुजतेही. केरळमधील कोझिकोड येथील भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने अशा रोपांतून निवड करून ‘प्रभा’ आणि ‘प्रतिभा’ या जाती दिल्या. या दुर्मीळ बियांचे मोल किती आहे, ते पुढे कळेल.

नावे अनेक, कुळे किती?

तुकड्यापासून होणाऱ्या वाढीला शाखीय अभिवृद्धी म्हणतात आणि एकाच झाडापासून अशा रीतीने वाढलेल्या सगळ्या झाडांच्या समूहाला क्लोन. एक क्लोन म्हणजे एक कूळ, मग ती झाडे दहा एकरांत असोत की दहा जिल्ह्यांत.

कुळात नवे वैविध्य यायला दोन वाटा आहेत. पहिली वाट बियाची. कधीतरी एखादे बी रुजले आणि कोणाच्या तरी नजरेत ते रोप भरले, तर नवे कूळ सुरू होते. दुसरी वाट उत्परिवर्तनाची. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत क्वचित चूक राहते. ही चूक कोंबाच्या पेशीत झाली, तर त्या कोंबापासून वाढणाऱ्या गड्ड्यात आणि पुढच्या सगळ्या बेण्यात ती उतरते. जुन्या कुळांत असे लहान फरक साचत जातात.

नावे मात्र या दोन वाटांनी चालत नाहीत. ती बाजाराने, गावाने आणि माणसांच्या येण्याजाण्याने पडतात. लेकीच्या सासरी गेलेले बेणे तिथे दुसऱ्या नावाने ओळखले जाते. व्यापारी ज्या पेठेतून माल उचलतो, त्या पेठेचे नाव मालाला चिकटते. त्यामुळे एका कुळाला चार नावे आणि एका नावाखाली चार कुळे असे दोन्ही घडू शकते.

निवड पद्धतीने दिलेल्या जातींबाबतही हाच प्रश्न येतो. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज येथील हळद संशोधन केंद्राने कडप्पा हळदीतून निवड करून ‘कृष्णा’ ही जात दिली. कडप्पा नावाच्या बेण्यात आधीच अनेक कुळे मिसळलेली असतील, तर अशी निवड म्हणजे त्यांतले एक कूळ वेगळे काढणे. बेणे एकाच कुळाचे असेल, तर निवड झाली ती एखाद्या लहान बदलाची. हा निवाडा डीएनए पाहूनच होऊ शकतो.

रंगावर आणि उंचीवर विसंबता येत नाही

पूर्वी जाती ओळखायच्या त्या झाडाची उंची, पानांची रुंदी, फुटव्यांची संख्या, गाभ्याचा रंग यांवरून. शेतकऱ्याची नजर यात तयार असते. अडचण अशी की हे सगळे गुण जमीन, पाणी, खत आणि काढणीच्या वेळेनुसार बदलतात.

औषधी गुणांसाठी महत्त्वाचे असलेले कुरकुमीन हे पिवळे द्रव्यही याला अपवाद नाही. वेगवेगळ्या हळदींमध्ये त्याचे प्रमाण साधारण २ ते ७ टक्क्यांपर्यंत आढळते. मेघालयातील लाकाडोंग हळद या बाबतीत वरच्या टोकाला मोडते. पण तेच बेणे दुसऱ्या जमिनीत लावले की आकडा बदलू शकतो. म्हणून कुरकुमीन मोजून मालाची प्रत कळते, कूळ कळत नाही.

झाडाचा डीएनए मात्र जमीन बदलली म्हणून बदलत नाही. पानातून घ्या किंवा मुळातून, कोवळ्या झाडातून घ्या किंवा जुन्या, मजकूर तोच असतो. त्यातला जो भाग कुळागणिक वेगळा असतो आणि सहज तपासता येतो, तो भाग म्हणजे जनुकीय खूण.

नामजपाची वही

डीएनएचा मजकूर ए, टी, जी, सी या फक्त चार अक्षरांत लिहिलेला असतो. हळदीत तो प्रचंड लांब आहे. २०२१ मध्ये भोपाळच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी हळदीच्या जनुकसंचाचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला; तो सुमारे १०० कोटी अक्षरांचा होता. एवढ्या मजकुरात दोन जवळच्या कुळांमधला फरक नेमका कुठे शोधायचा?

याचे उत्तर एका साध्या अनुभवातून समजते. अनेक घरांत नामजपाची वही असते. तिच्यात पानभर ‘राम राम राम’ लिहिलेले असते. असे एक पान दुसऱ्या वहीत उतरवून काढायला बसा. एखादी गोष्ट उतरवताना शब्द गळाला, तर वाक्य अडते आणि चूक लगेच लक्षात येते. जपाचे पान उतरवताना मात्र तीसऐवजी एकतीस वेळा ‘राम’ लिहिले गेले तरी काही खटकत नाही. त्या नकलेवरून पुढची नक्कल करणारा एकतीसच लिहितो. काही पिढ्यांनी दोन घरांतल्या वह्या समोर ठेवल्या, तर त्यांतील मोजणीवरून कोणती वही कोणत्या वहीवरून उतरली असेल, याचा अंदाज बांधता येतो.

डीएनएमध्येही अशी पाने असतात. ‘जीएजीएजीएजीए’ असा दोन-तीन अक्षरांचा तुकडा काही ठिकाणी ओळीने दहा-वीस वेळा येतो. नक्कल करणारी यंत्रणा इथे घसरते आणि एखादी आवृत्ती कमी-जास्त होते. या जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. इतर मजकुरापेक्षा त्या वेगाने बदलतात, म्हणून कुळे वेगळी काढायला त्या उपयोगी पडतात. आणखी एक सोय आहे. जपाच्या आधीचा आणि नंतरचा मजकूर वेगळा असतो आणि तो फारसा बदलत नाही. त्या मजकुरावरून नेमके हवे ते पान गाठता येते.

प्रयोगशाळेत खूण कशी तयार होते?

काम सुरू होते डीएनए वेगळा करण्यापासून. हळदीचा गड्डा यासाठी त्रासाचा. त्यात स्टार्च, रंगद्रव्ये आणि तेले भरपूर असतात आणि ती पुढच्या रासायनिक क्रियांत अडथळा आणतात. म्हणून शक्यतो कोवळे पान घेतात.

दुसरा टप्पा, पुनरावृत्तीच्या जागा शोधण्याचा. जुन्या पद्धतीत डीएनएचे लहान तुकडे करतात आणि ‘जीए’सारख्या पुनरावृत्तीला चिकटणारे कृत्रिम धागे त्यात मिसळतात. हे धागे चुंबकीय कणांना बांधता येतात. चुंबक लावला की पुनरावृत्ती असलेले तुकडे मागे राहतात, बाकीचे धुऊन जातात. राहिलेले तुकडे जिवाणूंमध्ये वाढवतात आणि त्यांचा मजकूर वाचतात. आता जनुकसंचाचे वाचन स्वस्त झाल्यामुळे संगणकाला मजकूर देऊन अशा जागा थेट शोधता येतात.

तिसरा टप्पा, प्रायमर तयार करण्याचा. प्रायमर म्हणजे पुनरावृत्तीच्या दोन्ही बाजूंच्या स्थिर मजकुराला जुळणारे सुमारे वीस अक्षरांचे दोन कृत्रिम तुकडे. कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेल्या आणि १९९३ मध्ये नोबेल मिळवून देणाऱ्या पीसीआर तंत्राने या दोन प्रायमरांमधल्या भागाच्या नकला काढतात. प्रत्येक फेरीत नकला दुप्पट होतात. सगळे नीट जुळले तर ३० फेऱ्यांत एका प्रतीच्या १०० कोटींहून अधिक प्रती होतात.

चौथा टप्पा, लांबी मोजण्याचा. या नकला जेलमधून विजेच्या प्रवाहात सोडल्या की लहान तुकडे पुढे जातात आणि मोठे मागे राहतात. दोन अक्षरांचा फरकही काटेकोर यंत्रात दिसतो.

शेवटी चाळणी लागते. तयार केलेल्या अनेक प्रायमर जोड्या कामच करत नाहीत, काही सगळ्या झाडांत एकच लांबी दाखवतात. ज्या दर वेळी तेच उत्तर देतात आणि ज्यांत झाडागणिक फरक दिसतो, त्याच ठेवतात. कोझिकोडच्या संस्थेतील संशोधकांनी आणि ब्राझीलमधील एका गटाने २०१० मध्ये हळदीसाठी असे मायक्रोसॅटेलाइट संच प्रसिद्ध केले. त्याआधी आरएपीडी नावाचे, १९९० मध्ये पुढे आलेले तंत्र वापरले जाई. त्यात दहा अक्षरी प्रायमर कुठेही चिकटत आणि पट्ट्यांचा नमुना मिळे. ते स्वस्त होते, पण एका प्रयोगशाळेचे उत्तर दुसरीशी जुळेलच असे नव्हते.

तीन प्रतींचा पेच

आकडे हातात आले की त्यांचा अर्थ लावायचा. इथे बी धरणाऱ्या पिकांसाठीचे नेहमीचे नियम तसेच्या तसे लावले, तर फसगत होते. तीन ठिकाणी विशेष जपावे लागते.

पहिले, प्रतींची मोजणी. माणसात एका जागी जास्तीत जास्त दोन लांब्या दिसतात, त्रिगुणित हळदीत तीन दिसू शकतात. तीन दिसल्या तर प्रश्न नाही. पण दोनच दिसल्या, तर त्यांतली कोणती दोनदा आहे, हे नुसत्या पट्टीवरून कळत नाही. म्हणून बहुतेक वेळा ‘ही लांबी आहे’ किंवा ‘ही लांबी नाही’ एवढेच नोंदवणे सुरक्षित ठरते.

दुसरे, योगायोगाचा हिशेब. समजा, एका खुणेवर दोन अनोळखी झाडे जुळण्याची शक्यता पाचात एक आहे. बियांपासून वाढणाऱ्या पिकात खुणा एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर आठ खुणांसाठी हा आकडा आठ वेळा गुणता येतो आणि शक्यता सुमारे ३ लाख ९० हजारांत एक इतकी कमी होते. हळदीत असा गुणाकार चालत नाही. इथे सगळ्या खुणा एका गड्ड्यातून पुढच्या गड्ड्यात एकत्रच जातात. एक जुळली की बाकीच्याही जुळण्याचा संभव मोठा असतो.

तिसरे, किती फरक म्हणजे वेगळे कूळ? दोन झाडे वीस खुणांपैकी बारांवर वेगळी असतील, तर ती बहुधा वेगवेगळ्या बियांतून आली. एकाच खुणेवर एका आवृत्तीचा फरक असेल, तर ते जुन्या कुळातले उत्परिवर्तन असू शकते किंवा मोजणीतली चूक. म्हणून चांगला संशोधक आधी एकाच झाडाचा डीएनए दोनदा तपासतो. मग ज्यांचे मूळ एक असल्याची खात्री आहे अशा बेण्यातली झाडे तपासतो. त्यांत जेवढा फरक दिसतो, तेवढा कुळाच्या आतला मानतो. त्यापलीकडचा फरक दिसला, तरच नवे कूळ जाहीर करतो.

कुरकुमीनची खूण शोधताना

‘जास्त कुरकुमीन देणारी खूण सापडली का?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण हळदीत त्याचे उत्तर घाईने देऊ नये.

समजा, पन्नास हळदी गोळा केल्या. त्यांतल्या जास्त कुरकुमीनच्या बारा निघाल्या आणि त्या बाराही एकाच जुन्या कुळातल्या आहेत. त्या कुळाच्या डीएनएमधली कोणतीही खूण घेतली, तरी ती जास्त कुरकुमीनशी जोडलेली दिसेल. तिचा कुरकुमीनशी काडीचा संबंध नसला, तरी. त्या बारा झाडांकडे स्वतंत्र पुरावे म्हणून पाहता येत नाही. तो एकच पुरावा बारा वेळा मोजला गेला आहे.

बी धरणाऱ्या पिकात दर पिढीला गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. खरा संबंध असलेली खूण गुणाबरोबर टिकते, बाकीच्या सुटत जातात. हळदीत ही अदलाबदल जवळजवळ होतच नाही. म्हणूनच त्या दुर्मीळ बियांना मोल आहे. बियांपासून मिळालेल्या रोपांत खुणांची नवी जुळणी होते आणि कोणती खूण कोणत्या गुणाबरोबर जाते, हे तपासण्याची संधी मिळते. दुसरा मार्ग म्हणजे कुरकुमीन तयार करणारी विकरे ज्या जनुकांपासून बनतात, त्या जनुकांचाच मजकूर वेगवेगळ्या कुळांत वाचून पाहणे.

या खुणांचा उपयोग कुठे होतो?

संशोधन केंद्रांत दरवर्षी शेकडो हळदी पुन्हा लावून जिवंत ठेवाव्या लागतात. त्यांत एकच कूळ दहा नावांनी असेल, तर जमीन आणि मजुरी वाया जाते आणि वैविध्य आहे असा भास होतो. खुणा तपासल्या की दुबार नमुने कळतात. शेतातही हे जाणणे गरजेचे आहे. एखाद्या भागातली सगळी हळद एकाच कुळाची असेल आणि त्या कुळाला कंदकूज लवकर धरत असेल, तर धोका सगळ्या शेतांना सारखाच असतो.

भेसळ ओळखायलाही डीएनए उपयोगी पडतो. हळद पावडरीत कचोऱ्यासारख्या जवळच्या प्रजातींची किंवा पिठांची भेसळ झाली, तर ती डीएनएवरून पकडण्याच्या चाचण्या कोझिकोडमध्ये विकसित झाल्या आहेत. उकडून, वाळवून, दळलेल्या हळदीतला डीएनए तुटलेला असतो, म्हणून अशा चाचण्या लहान तुकड्यांवर बेतलेल्या असतात. लेड क्रोमेटसारख्या विषारी रंगाची भेसळ मात्र डीएनए चाचणीला दिसत नाही. तिच्यासाठी रासायनिक तपासणीच हवी.

भौगोलिक मानांकनाबाबत हाच विवेक लागतो. वायगाव हळदीला २०१६ मध्ये, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये हे मानांकन मिळाले. मानांकन प्रदेशाला असते, खूण कुळाला असते. सांगलीचे बेणे दुसऱ्या राज्यात लावले, तर डीएनए तेच सांगेल. म्हणून जनुकीय खूण हा एक पुरावा झाला. माल कोणत्या शेतातून आला, याची नोंद हा दुसरा. दोन्ही मिळूनच दावा उभा राहतो.

थोडक्यात

• लागवडीची हळद त्रिगुणित आहे, म्हणून तिला बी क्वचितच धरते. वाढ गड्ड्यांपासून होते.
• रंग, उंची आणि कुरकुमीन जमिनीनुसार बदलतात. डीएनए बदलत नाही.
• मायक्रोसॅटेलाइट म्हणजे एकच तुकडा ओळीने अनेकदा येतो त्या जागा. कुळागणिक आवृत्त्यांची संख्या वेगळी असते.
• थोडा फरक कुळाच्या आतला असू शकतो. बऱ्याच खुणांवर फरक असेल तर कूळ वेगळे.
• खूण कूळ सांगते. शेत, मालाची प्रत आणि रासायनिक शुद्धता यांसाठी वेगळे पुरावे लागतात.

आता काय करायला हवे?

जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. तो लढा जिंकता आला, कारण हळदीच्या वापराच्या लेखी नोंदी आपल्याकडे होत्या. हळदीच्या कुळांच्या नोंदी मात्र अजून तुटपुंज्या आहेत आणि कुळे लेखी नसतात, ती जिवंत ठेवावी लागतात. एखाद्या घराने जुने बेणे मोडून बाजारातले नवे आणले की ते कूळ कायमचे जाऊ शकते, कारण त्याचे बी कुठल्याही डब्यात साठवलेले नसते.

म्हणून हळद उत्पादकांना एक विनंती. तुमच्या घरात आजोबा-पणजोबांपासून चालत आलेले बेणे असेल, तर नवी जात लावतानाही त्याचा एक वाफा राखा. ते कोणत्या गावाहून, कोणाकडून आले, हे आठवते तेवढे लिहून ठेवा. जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला किंवा कसबे डिग्रज, वसमत येथील हळद संशोधन केंद्रांना त्याचे काही गड्डे द्या. शेतकऱ्याने जपलेल्या वाणाची त्याच्या नावे नोंदणी करण्याची तरतूद २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात आहे. तिची माहिती घ्या. प्रयोगशाळा कूळ ओळखू शकते, पण त्यासाठी ते कूळ शेतात जिवंत असायला हवे.